दोन बटणांची होडी

दादाला झटका आला तेव्हा तो मानकोली नाक्यावर टेम्पो लावून चहा पीत होता. ग्लास डाव्या हातातून सुटला, तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलातून वळ गावातल्या घरी आणला तेव्हा त्याची डावी बाजू लुळी होती. बोलणं थोडं जड झालं होतं, पण डोकं साफ होतं. बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, वहिनींनी त्याची कॉट लावली.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लहानपणी भिवंडीच्या बाजारातून त्यानेच टीव्ही गेम आणला होता, तारेचे दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट असलेला. ते यंत्र मी अजून चालू ठेवलं आहे. दादा घरी आल्यावर आठवड्याभराने मी ते जुन्या डबा टीव्हीला जोडलं आणि रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला. दिशेची कळ डावीकडे असते. त्याने अंगठा तिच्यावर ठेवला, पण तो हलेना. त्याने उजव्या हाताने रिमोट उचलला, उलटा करून उशीशेजारी ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दिवशी मी ठरवलं की फक्त उजव्या हाताच्या दोन बटणांवर चालणारा नवा गेम त्या यंत्रासाठी स्वतः लिहायचा.

मी गोदामात मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दुपारची शिफ्ट असते, सकाळ मोकळी. मला वाटलं, महिन्याभरात होईल. मला आठ महिने लागले. आता फोनमध्ये एक फोटो जेवढी जागा खातो, त्याच्या कितीतरी कमी जागेत तिथे अख्खा गेम बसवावा लागतो. यंत्राची भाषा अशी की होडी एक ठिपका सरकवायची तर चार ओळी लिहा. खाडीत होडी, समोरून मासे आणि ओंडके. एका बटणाने होडी डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे. एवढंच. पण एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त चित्रं ते यंत्र दाखवतच नाही. होडी जोडायलाच त्यातली चार लागायची. मासे जवळजवळ आले की एखादा पाण्यातच नाहीसा व्हायचा.

कॉम्प्युटरवर सगळं नीट चालायचं, खऱ्या यंत्रावर पडदा नुसता करडा. बारा दिवस शोधलं. शेवटी कळलं की खरं यंत्र सुरू होताना त्याच्या मेमरीत कचरा भरलेला असतो, आणि मी ती कोरी आहे असं धरून चाललो होतो. कॅसेट बनवायला जुन्या कॅसेटी फोडल्या, तर आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा थेंब, जो सुटा करता येत नाही. सहाव्या कॅसेटीत खरी चिप निघाली. ती काढून त्या जागी माझा गेम भरलेली बसवली.

हे सगळं त्रासाचं होतं, पण मला ते सोडवत नव्हतं. दादाच्या डोक्यात काय बिघडलंय ते डॉक्टरांना फोटोत दिसत होतं, तरी कुणाला दुरुस्त करता येत नव्हतं. माझ्या खोलीत मात्र प्रत्येक बिघाडाला कारण होतं आणि ते शोधलं की सापडत होतं. सकाळी दहाला व्यायाम करून घेणारी बाई यायची. ती दादाचा हात खांद्यातून उचलायची तेव्हा तो कण्हायचा. मी दार लोटून घ्यायचो. पुढे पुढे कानाला हेडफोन लावायला लागलो. स्वतःला सांगायचो, त्याच्यासाठीच करतोय.

एकदा वहिनी पडघ्याला माहेरी गेल्या होत्या, चार तासांसाठी. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, लक्ष ठेवा हां." मी हो म्हणालो आणि होडीच्या वल्ह्याचा आवाज बसवायला घेतला. पाणी प्यायला बाहेर आलो तर दादा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवा. कपडे ओले झाले होते.

"कधी पडलास?"

"तीन हाका मारल्या," तो म्हणाला. "मग थांबलो."

मी त्याला उचललं, पुसलं, कपडे बदलले. एवढ्या महिन्यांत त्याच्या अंगाला माझा हात पहिल्यांदाच लागला होता. डावा पाय इतका बारीक झालाय हे मला माहीतच नव्हतं.

वहिनी आल्या, त्यांनी कोपरावरचं खरचटलेलं पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरात मला एवढंच म्हणाल्या, "आठ महिने त्यांच्यासाठी गेम बनवताय. त्यांच्याजवळ किती वेळ बसलात?"

दुसऱ्या दिवसापासून व्यायामाच्या वेळी मी कॉटजवळ बसायला लागलो. बाई दाखवायची तसा हात धरायचा, मोजायचं, खाली ठेवायचा. तयार कॅसेट कपाटात पडून होती. महिना गेला.

एका सकाळी दादानेच विचारलं, "तुझ्या त्या गेमचं काय झालं?"

मी यंत्र जोडलं. पडद्यावर खाडी आली, होडी आली. दादाने उजव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि होडी सरकली. तो थोडा हसला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या डावात तो जिंकला, दुसऱ्यातही. तिसऱ्या डावात त्याने मुद्दाम काहीच दाबलं नाही, तरी ओंडके बाजूने निघून गेले. त्याने रिमोट खाली ठेवला.

"सोपा केलास?"

"थोडा."

"थोडा न्हाय. मग हा गेम न्हाय, औषध हाय. औषधं मना पुष्कळ हायेत."

तो पुढे म्हणाला, "होडी डाव्या हाताने वळेल असं कर. सगळ्या गेममध्ये असते तशी."

"दादा, डावा हात चालत नाही."

"ते मना सांगतोस?"

वहिनी म्हणाल्या, असं काही करू नका, त्यांना उगाच त्रास होईल. व्यायामाच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, अंगठ्यात हालचाल परत येईल असं मी सांगू शकत नाही, पण प्रयत्न करू द्या. मी लॅपटॉप घेऊन त्याच्या कॉटच्या कडेला बसलो आणि बदल करत गेलो. ओंडके वेगाने सोडले, वळण्याचं काम डावीकडच्या कळीला दिलं. तो बघत होता आणि मध्येच सांगत होता, ओहोटीला पाणी असं वाहत न्हाय.

आता रोज जेवणाआधी तो बसतो. डावा हात उजव्याने उचलून रिमोटवर ठेवतो आणि खांद्यातून जोर लावतो. कधी कळ दाबली जाते, बहुतेक वेळा नाही. होडी ओंडक्यावर आपटते. काही दिवस तो हरल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलत नाही, आणि वहिनी माझ्याकडे बघतात. मी केलं ते बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. सोपा गेम तसाच ठेवला असता तर निदान घरात शांतता असती.

गेल्या आठवड्यात अकरा वेळा हरल्यावर तो म्हणाला, "होडी उशिरा वळते. मी दाबतो, मग वळते."

मला वाटलं, हात उशिरा हलतोय आणि त्याला ते कबूल करायचं नाहीये. तरी मी त्याच्यासमोर बसून एकेक ओळ तपासली. चूक माझी होती. कळ दाबल्याची नोंद मी पडद्यावर होडी काढून झाल्यावर घेत होतो, म्हणून ती दरवेळी किंचित मागे राहत होती. इतक्या महिन्यांत मला ते जाणवलं नव्हतं.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. ती चूक काढून मी चिपमध्ये गेम पुन्हा भरला, कॅसेट लावली. तो पुन्हा खेळला आणि तिसऱ्या ओंडक्यावर आपटला.