कुत्र्याला शिकवलेला दुसरा शब्द

पैसे मोजून कुत्र्याला मास्तर लावतात, हे मला पेणला असताना कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पुढे रोह्याला आमच्याच घरी असा मास्तर आला आणि त्याला बोलावणारी मीच होते. हौस म्हणून नव्हे. कुत्रा सुधारला नसता तर त्याला घराबाहेर काढावं लागलं असतं, आणि कुत्रा गेला असता तर अण्णांनी अन्न सोडलं असतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना होता. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नुसतं 'हं' तेवढं उरलं. मी एकुलती एक, म्हणून कारखाना बंद करून आई-अण्णा दोघांना रोह्याला माझ्याकडे आणलं. माझा नवरा इथल्या कंपनीत शिफ्टला जायचा, घर सोसायटीत तळमजल्यावर. मुलीच्या घरी राहायचं म्हणून आई पहिल्यापासून अवघडलेली. त्यात सोबत कारखान्यातला कुत्रा. त्याला नाव असं कधी ठेवलंच नव्हतं. अण्णा 'ये रे' म्हणायचे, तेवढ्यावर तो यायचा. आता तेही म्हणता येत नव्हतं, तर अण्णा डावा हात त्याच्या पाठीवर ठेवून बसून राहायचे. हात तिथे असला की आईने भरवलेला घास घ्यायचे. नसला की तोंड घट्ट मिटायचे.

आणि हाच कुत्रा चावायला लागला. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाला तर त्याने त्याची पोटरी धरली. मग शेजारच्या वहिनी आमचा कुकर मागून नेत होत्या, त्यांच्या मनगटाला दात लागले. वहिनींची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. सोसायटीच्या चेअरमननी घरी येऊन बजावलं, अजून एकाला चावला तर त्याला निडी गावाच्या पुढे रानात सोडून यायचं. माझ्या नवऱ्याने यावर मान डोलावली. चेअरमनपेक्षा मला त्या मानेचाच जास्त संताप आला.

मास्तर मिळाला तो खाडीकाठच्या एका गावचा. मुसलमान, आखातात पहाऱ्याचे कुत्रे सांभाळून परत आलेला. काळा चष्मा, चकचकीत बूट, आणि बोलणं असं की जणू कुत्री त्यानेच जन्माला घातली. आईने चहा पुढे करताना विचारलंच, की तुमच्यात तर कुत्रा घरात घेत नाहीत ना? तो हसला. म्हणाला, नाय घेत, माझी आई अजून मला दारात हातपाय धुवायला लावते, पण तिची औषधं याच पैशातून येतात. त्यानंतर आईचं आणि त्याचं जमलं.

त्याने पहिल्याच दिवशी निदान केलं, कुत्रा अनोळखी माणसांना बिचकतो. मग रोज कोणी ना कोणी अनोळखी माणूस आमच्या घरी यायचा आणि कुत्र्याला बिस्किट द्यायचा. कुत्रा सगळ्यांची बिस्किटं खायचा, शेपूट हलवायचा. मास्तर खूश. भीती गेली म्हणून त्याने जाहीर केलं, इतके दिवस आमच्याकडेच ठेवलेली आपली पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. उंबऱ्यावर कुत्र्याने त्या पिशवीचा पट्टा दातात पकडला.

मास्तरने पिशवी खाली टेकवली. कुत्र्याने पट्टा सोडला. उचलली, परत धरला. मग काळा चष्मा काढून तो तिथेच खाली बसला.

"ताई, हा चावरा नाय," तो म्हणाला. "येणाऱ्याशी याचं भांडण नाय. घरातली वस्तू बाहेर चालली की हा आडवा येतो. आधी हा कुठे होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका चतुर्थीला कारखान्यातून एकाची मूर्ती दुसराच घेऊन गेला होता. ज्याची गेली तो माणूस रिकामा पाट हातात धरून दिवसभर ओट्यावर बसून राहिला, आणि ते अण्णांना फार लागलं. तेव्हापासून त्यांनी शिरस्ता घातला. गिऱ्हाइकाने मूर्ती पाटावर घ्यायची, तिच्या तोंडावर रुमाल टाकायचा आणि दाराशी थांबायचं. अण्णा येऊन मूर्ती पाहणार आणि 'गणपती बाप्पा' म्हणणार. मग सगळ्यांनी 'मोरया' म्हटलं की उंबरा ओलांडायचा, त्याआधी नाही. कुत्रा पिल्लू असल्यापासून त्या उंबऱ्यावर झोपायचा. 'मोरया' झालं की आपोआप उठून बाजूला व्हायचा. लोकांना कौतुक, अण्णांचा कुत्राही भक्त म्हणून. आम्ही त्याला पेढा द्यायचो. कोणी त्याला शिकवायला बसलं नव्हतं, पण तो शिकला होता, की या घरातून त्या शब्दाशिवाय जे जातं ते चोरीला जातं.

मास्तर म्हणाला, मग सोपं आहे, तोच शब्द म्हणा. आई ताडकन उठली.

"कचऱ्याची बादली जाताना देवाचं नाव घ्यायचं? नाय. माझ्या घरात नाय."

घर माझं होतं, पण ते मी बोलले नाही. पेणला ते दोन शब्द म्हणताना अण्णा हात जोडायचे, हे मीही पाहिलं होतं. मास्तरनेही वाद घातला नाही. मावशी म्हणतायत ते बरोबर, तो शब्द मोठ्या कामाचा आहे, याला रोजच्यासाठी दुसरा देऊ, म्हणाला. आणि त्याने 'जाऊ दे' शिकवायला घेतलं.

शेजारचे म्हणत होते, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पण मास्तरने चिकाटी सोडली नाही. आधी रिकामी पिशवी, मग भरलेली, मग बादली, मग गाठोडं. वस्तू दाराशी आली की मी म्हणायचं 'जाऊ दे', कुत्रा बाजूला झाला की बिस्किट. अण्णा खुर्चीतून हे सगळं बघत असायचे. पावसाळा संपता संपता इस्त्रीवाला परत यायला लागला. पुढच्या मोसमात चेअरमन स्वतः आमच्याकडून आंब्यांची पिशवी घेऊन गेले, आणि कुत्रा भिंतीशी सरकून शहाण्यासारखा बसला. निडीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी अण्णांचा श्वास लागला. नवरा कंपनीत होता. दवाखान्याची गाडी आली, दोन माणसांनी अण्णांना स्ट्रेचरवर घेतलं, चादर घातली आणि दाराकडे निघाले. कुत्रा उंबऱ्यावर आडवा झाला.

मी म्हणाले, जाऊ दे. तो हलला नाही. परत म्हणाले, मोठ्याने म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, शब्द त्याला कळत होता, पण तो उठला नाही. पुढच्या माणसाने पाय उचलला तसा तो गुरगुरला. माणूस मागे सरला. माझ्या हातात त्याच्या गळ्याचा पट्टा होता, पण ओढवेना. मला त्या कुत्र्याचा राग आला, आणि त्याच क्षणी तो करतोय ते बरोबर आहे असंही वाटलं.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला. जड, वाकडा, पण कळेल असा.

"गणपती... बाप्पा."

पेण सोडल्यापासून अण्णांच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. ते बोलून त्यांनी मान वळवली आणि आईकडे पाहिलं. ते थांबले होते. कुत्राही कान टवकारून थांबला होता. पुढचं म्हणायला घरात आम्ही दोघीच होतो, आणि अण्णा माझ्याकडे बघत नव्हते.

आईने पदर तोंडाला लावला. मग काढला. हात जोडले.

"मोरया," ती म्हणाली.

कुत्रा उठला, भिंतीशी सरकला. माणसांनी उंबरा ओलांडला.

अण्णा परत आले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मास्तर भेटायला आला, आईजवळ बराच वेळ बसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. कुत्रा पुढे बरीच वर्षं जगला, आणि कोणाला चावला नाही. इस्त्रीचं गाठोडं निघालं की आईच त्याला 'जाऊ दे' म्हणायची.

'मोरया' हा शब्द मात्र आईने पुन्हा उच्चारला नाही. चतुर्थीला सगळी बिल्डिंग ओरडायची आणि ती नुसते हात जोडून उभी असायची. एकदा मी तिला विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना जायचं होतं गो. सोडतेस का म्हणून मलाच विचारलं त्यांनी. आणि मी सोडलं."