तिच्या शेजारची जागा

दान देताना माणूस घेणाऱ्याचा चेहरा मनात आधीच काढून ठेवतो. कुलूपवाल्यांनी काढलेला चेहरा किडकिडीत होता, गरीब होता आणि मुख्य म्हणजे गप्प होता.

त्याचं असं झालं. चर्चच्या मागचं कबरस्थान भरत आलं होतं. पलीकडच्या जमिनीचे कागद कुठल्याशा कचेरीत झोपा काढत होते, आणि माणसं काही ते जागे होईपर्यंत मरायची थांबत नव्हती. शेवटी एका रविवारी फादरांनी प्रवचनात विषय काढला. आपल्याजवळ जे आहे ते आपल्या मालकीचं नाही, सांभाळायला दिलेलं आहे, असं ते म्हणाले. ज्यांनी स्वतःसाठी जागा राखून ठेवल्या आहेत त्यांनी जागा नसलेल्यांचा विचार करावा, असंही म्हणाले. लोकांनी विचार केला. विचार करून कुणी चर्चला पंखा दिला, कुणी शनिवारची दुपार झाडलोटीला दिली, आणि एका बाईंनी आपला जुना फ्रीज दिला, चालू करून बघू नका एवढ्याच अटीवर. जागा मात्र कुणाची सुटेना. तेव्हा कुलूपवाले उठून उभे राहिले. जन्मभर लोकांना वस्तू बंद करून ठेवायला मदत केलेला हा माणूस म्हणाला, "माझी घ्या. ज्याला गरज असेल त्याला द्या."

जागा बायकोच्या कबरीशेजारची. ती गेली तेव्हाच त्यांनी घेऊन ठेवलेली. खाली खडक असल्यामुळे एका कबरीत दोघं मावत नाहीत. शेजारीशेजारी, एवढीच सोय.

पुढचे काही दिवस झकास गेले. बेकरीवाला सुट्टे पैसे दोन्ही हातांनी द्यायला लागला. न्हाव्याने त्यांना रांगेत पुढे घेतलं. मग गुरुवारी दुपारी, इस्पितळात नर्स असलेली त्यांची मुलगी ड्यूटीवरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, तुमच्या जागेला गिऱ्हाईक मिळालं."

"कोण?"

"भोंगा."

भोंगा म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक जाडजूड, प्रेमळ गृहस्थ. देवाने त्याला आवाज देताना हात सैल सोडला होता आणि सूर द्यायच्या वेळी त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. हा माणूस वर्षानुवर्षं दर रविवारी कुलूपवालीणबाईंच्या बरोबर मागच्या बाकावर बसून गायला. भोंगा हे नावही तिनेच ठेवलेलं. ती म्हणायची, "स्वर्गात हा जवळपास असला तर मी जागा बदलून मागणार आहे."

"दुसरं कुणी नाही का मेलं?" कुलूपवाले म्हणाले.

"बाबा!"

"नाही, सहज विचारलं."

"आईला विचारलं होतंत का, जागा देताना?"

"तिला कसं विचारणार?"

"का? रोज संध्याकाळी तिथे जाऊन गप्पा मारताच की. माझ्या आमटीत मीठ कमी होतं तेसुद्धा सांगता. एवढं मोठं दान केलंत ते नाही सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"जागा तुमची होती, कबूल," मुलगी म्हणाली. "शेजार तिचाही होता."

ती आत जाऊन झोपली, आणि कुलूपवाल्यांना काही सुचेना. खुर्चीवर बसले, उठले. खिडकीशी गेले. बूट घातले, काढले. हाताला चाळा म्हणून कपाटाचं कुलूप उघडून बसले. ते चांगलं चालत होतं, आता चालेनासं झालं. भोंग्याचं एवढं काही नाही, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं, आणि ते खरंही होतं. खरी बोच वेगळीच होती. उद्या सकाळी त्या जागेत कुणीतरी झोपणार, मग तो सुरेल असो की बेसूर, आणि आपण आता तिच्याशेजारी कधीच जाणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आत्ता शिरत होतं. त्यांनी बूट पुन्हा घातले.

फादर शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतला पाला काढत होते.

"या या! खाली उभे राहू नका, अंगावर पडेल. काय काम काढलंत?"

"उद्याचं सगळं ठरलं का?"

"तुमच्यामुळे ठरलं. सकाळी मिस्साची प्रार्थना, मग दफन." फादरांनी वरून नीट पाहिलं. "विचार बदललाय का? बदलला असेल तर आत्ता सांगा. मी काही म्हणणार नाही."

आता फादर खरंच काही म्हणणार नाहीत याचीच कुलूपवाल्यांना भीती वाटली.

"छे छे," ते म्हणाले. "शिडी डगमगतेय, ते बघायला थांबलो."

तिथून ते तडक कबरस्थानात गेले. खणणारा कमरेएवढा खड्ड्यात होता.

"या काका. फर्स्ट क्लास जागा दिलीत. सावली आहे, वारा आहे."

"त्याला वाऱ्याचं काय करायचंय?" कुलूपवाले जवळ सरकले. "मी म्हणतो, जरा पलीकडे सरकवून खणता येईल का?"

"पलीकडे शाळेच्या बाई आहेत. त्यांना कुठे सरकवू?"

"मग डोकं दुसऱ्या बाजूला केलं तर?"

खणणाऱ्याने फावडं टेकवलं. "काका, सगळे एका दिशेला तोंड करून झोपलेत. एकट्याचं डोकं उलटं ठेवलं तर लोक मला विचारतील, त्याने असं काय केलं होतं?"

बायकोच्या कबरीकडे न बघता कुलूपवाले बाहेर पडले. आता एकच घर उरलं होतं.

भोंग्याच्या घरात नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. त्याची बायको स्वयंपाकघरात सापडली. कोरडाच ओटा ती पुसत होती.

"बसा."

"बसत नाही."

"मग उभ्याने सांगा."

"ते जागेबद्दल..."

"हो, फादर म्हणाले. फार उपकार झाले." ती पुसतच राहिली. "धाकटा दीर त्याला आपल्या गावी न्यायला निघाला होता. गाडी दारात उभी होती. दिवसभराचा रस्ता, आणि माझे गुडघे हे असे. एकदा नेला असता की संपलं, मी काही पुन्हा बघायला जाऊ शकले नसते. तुमच्या जागेचा निरोप आला आणि मी गाडी परत पाठवली."

कुलूपवाले दाराच्या कडीशी चाळा करू लागले.

"तुमच्या बाईंना याचं गाणं सहन व्हायचं नाही," ती म्हणाली.

"तसं काही नाही."

"नाही काय! वळून वळून बघायच्या. मला तरी कुठे व्हायचं? हा आंघोळीला गेला की मी दारं लावून घ्यायचे. सकाळपासून सगळी दारं उघडी आहेत." तिने फडकं खाली ठेवलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय सांगायला आला होतात?"

असं कुणी सरळ बघितलं की त्यांना खोटं बोलता येत नसे. आयुष्यात ही अडचण त्यांना फारदा आली नव्हती. "परत मागायला आलो होतो," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी खोकलं. ती म्हणाली, "गाडी पुन्हा बोलावता येईल."

"नको."

"नक्की?"

"नक्की कसलं! नको म्हणालो ना. मी पुन्हा विचार करायच्या आत 'बरं' म्हणा."

"बरं." तिने फडकं पुन्हा उचललं आणि विचारलं, "मग तुम्ही कुठे जाणार?"

"नवीन जमीन मिळेल तिथे."

"म्हणजे माझ्याच आसपास. मीही तिथेच." तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही गाता का?"

"नाही."

"मग चालेल."

दुसऱ्या दिवशी दफन झालं. माती पडली, फुलं पडली, माणसं पांगली. कुलूपवाले रेंगाळले, कारण घरी जाऊनही बसवणार नव्हतं. मग ते बायकोच्या कबरीशी उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हाताच्या अंतरावर दुसरी एक बाई आपल्या नवऱ्याशी काहीतरी पुटपुटते आहे. इतक्या वर्षांत इथे आवाज खाली आणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"मोकळेपणाने बोला," ती मान न वळवता म्हणाली. "मी ऐकत नाही."

"ऐकताय."

"ऐकतेय. पण कुणाला सांगणार नाही."

तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली. बेकरीवाला आणि न्हावी गाळले, बाकी सगळं सांगितलं: आपण उभे कसे राहिलो, न विचारता कसं देऊन टाकलं, परत मागायला कुठे कुठे फिरलो. "तुझ्याशेजारी कोण आलंय ते कळलंच असेल तुला," ते म्हणाले. "आता माझ्याशेजारी कोण येणार आहे, तेही ऐकून घे." आणि तेही सांगितलं.

पलीकडे पुटपुटणं थांबलं होतं. कुलूपवाले वाट बघत उभे राहिले. बायको नेहमीसारखी गप्प होती, पण लग्न झालेल्या माणसाला गप्प राहण्यातले प्रकार कळतात, आणि हा त्यांतला कुठला ते त्यांनी ओळखलं. एका बैठकीत मिटणारा हा नव्हता.

"उद्या पुन्हा येतो," ते म्हणाले.