नव्या व्हिडिओतला आवाज

त्या दिवशी मला कामावर पहिल्या पाळीला जायचं होतं आणि माझ्या आवडत्या गायिकेचा नवा व्हिडिओ नेमका सकाळीच आला. मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. फोन गेटवर जमा करावा लागतो. कुंभवलीच्या खोलीतून निघाल्यावर चालता चालता जेवढा बघता आला तेवढा बघितला आणि अर्ध्यावर फोन सिक्युरिटीच्या खिडकीत सरकवावा लागला. मग पाळीभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत होते, पण लक्ष सगळं त्या खिडकीत. सुपरवायझर दोनदा ओरडला.

ती आमच्या किनाऱ्यावरचीच गायिका. हळदीची, होड्यांची, मासे घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांची गाणी गाते. मुंबईत तिला कोणी ओळखणार नाही, पण तारापूरच्या आसपास हळद लागली की तिचं गाणं वाजणारच. तिचे पहिले व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर काढलेले. मागे सुकत घातलेले बोंबील, मधूनच एखादं कुत्रं समोरून निघून जायचं, वाऱ्यानं पदर तोंडावर यायचा, तरी ती गात राहायची. मी ते इतक्या वेळा पाहिलेत की ती कुठे श्वास घेते तेही मला पाठ आहे. वरचा सूर लावायच्या आधी तिची हनुवटी जराशी डावीकडे वळते.

नव्या व्हिडिओत सगळंच भारी होतं. ड्रोनमधून दिसणारा समुद्र, एकसारख्या साड्या नेसून नाचणाऱ्या मुली, तिच्या गळ्यात दागिने. पाळी सुटल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो पूर्ण बघितला, आणि मला काहीतरी खटकलं. आवाज तिच्यासारखा होता, पण पातळ. वरचा सूर आला तेव्हा हनुवटी हललीच नाही.

घरी येऊन सासूबाईंना दाखवला. त्या माझ्याइतक्याच तिच्या वेड्या.

"आई, हा आवाज तिचाच वाटतो का तुम्हाला?"

"मंग कोनाचा? तोंड तिचंच हलतंय ना?"

"तोंड हलतंय हो, पण…"

"तुला बसल्या जागी चैन नाय. परत लाव."

मी परत लावला. मग जुना लावला, मग नवा. भाजीत मीठ घालायचं राहिलं. नवऱ्यानं वरून मीठ घेतलं आणि तो मला म्हणाला, "एवढं काय त्यात? गाणं चांगलं आहे ना?" गाणं चांगलं होतं. तेच तर मला सहन होत नव्हतं. पुढच्या दोन व्हिडिओंतही तोच पातळ आवाज. माझ्या जवळचं कुणीतरी आजारी आहे आणि मला कोणी सांगत नाही, असं वाटत राहायचं.

मग आमच्या पॅकिंगमधल्या एका मैत्रिणीच्या भावाचा साखरपुडा ठरला. हॉल पालघरजवळ कोळगावला, आणि गायला तीच येणार होती. मी रजा टाकली. सासूबाईंना घेऊन गेले.

ती स्टेजवर आली, माइक धरला, बायका लगेच नाचायला उठल्या. सासूबाईसुद्धा. मी मात्र बाजूच्या पॅसेजमधून स्टेजच्या मागे गेले. तिथे साउंडवाल्याच्या शेजारी, पडद्याआड, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई डोळे मिटून बसली होती. साधी साडी, हातात माइक. गात होती ती ही बाई.

जेवणानंतर हात धुवायच्या नळाजवळ गायिका मला एकटी भेटली. मी म्हणाले, "ताई, मी तुमचं एकेक गाणं ऐकलंय." आणि पुढचं काही सुचेना, म्हणून सरळ विचारून टाकलं, "तुमच्या गळ्याला काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. बोलली तेव्हा आवाज घोगरा होता, दोनदा तुटला.

"गाठ होती. ऑपरेशन झालं. बोलता येतं, वर चढत नाय. आत गाते ती माजी जाव. मीच शिकवलंय तिला."

"मग त्यांचं नाव का टाकत नाही?"

"ती लाजते लोकांना." नळ बंद करून तिनं पदराला हात पुसले. "अन् मला सोडवत नाय."

परतताना रिक्षात मी सासूबाईंना सगळं सांगितलं. लोकांना फसवतात, असं तावातावानं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिनं काय करायचं मंग? घरात बसायचं?" पुढचे कितीतरी दिवस मी तिचा एकही व्हिडिओ उघडला नाही. उघडला नाही म्हणून बरं वाटलं असंही नाही. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

काही महिन्यांनी तिचा एक व्हिडिओ आला. ड्रोन नाही, नाचणाऱ्या मुली नाहीत. घराच्या पायरीवर ती आणि जाव शेजारी शेजारी बसलेल्या. जाव खाली मान घालून गात होती आणि ती खालच्या पट्टीत, त्या फाटक्या आवाजात साथ देत होती. मी मध्येच बंद केला. ऐकवेना. खाली लोकांनी वाटेल ते लिहिलं होतं, की आता पुरे करा, की दुसरीलाच गाऊ द्या. दुपारी मी पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. एका ठिकाणी तिचा सूर सुटला, तसा जावेनं मान वर करून तो उचलला.

'छान' लिहावंसं वाटलं, पण ते खरं नव्हतं. बराच वेळ लिहीत-खोडत बसले. शेवटी लिहिलं, "ताई, त्रास होतोय तुम्हाला, ऐकताना कळतं. तरी पूर्ण ऐकलं. शेजारी गाणाऱ्या वहिनींचं नाव काय?"

संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर आलं. बाकी काही नाही, फक्त जावेचं नाव, आडनावासकट.