चिमीला बोलतं कुणी केलं

“अगं, स्वस्तिवाचन म्हणजे काही कमी मान नाही,” एकनाथशास्त्री म्हणाले, आणि विझत आलेलं भांडण पुन्हा पेटलं.

“मान? सगळ्यांच्या आधी पाच मिनिटं मंत्र म्हणायचे, नारळ घ्यायचा आणि खाली उतरायचं, हा मान?” सुलूने झोपाळ्यावर पडलेली निमंत्रणपत्रिका उचलून नवऱ्याच्या नाकासमोर धरली. “ही खालची ओळ वाचा. मोठ्याने वाचा. ‘कु. चिमी हिला बोलतं करणारे श्री. धर्मेश सर यांचा जाहीर सत्कार.’ धर्मेशने बोलतं केलं तिला? मग आपल्या ओटीवर तीन वर्षं काय कोंबडं आरवत होतं?”

“बाबा, मी पत्र लिहून ठेवलंय,” ललित म्हणाला. सुलूचा हा मुलगा तारापूरच्या एका कारखान्यात माल तपासतो. कागदावर तारीख आणि खाली सही असली की गोष्ट खरी होते, असं त्याला वाटतं. “तुम्ही फक्त सही करा. एक प्रत कार्यक्रमवाल्यांना, एक पेपरवाल्यांना.”

त्याची बायको हेमांगी खाली बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. “आणि रविवारी बोईसरला त्या मुलीने स्टेजवर काय बोलायचं? पत्राचं उत्तर?”

“तू मध्ये पडू नकोस. तू तेव्हा नव्हतीस.”

“म्हणूनच विचारतेय.”

शास्त्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुलूला त्यांचं हे चष्मा पुसणं ओळखीचं होतं. गणित अडलं की ते असे बसत. पण यात अडण्यासारखं काय होतं, ते तिला कळेना.

चिंचणीत एकनाथशास्त्र्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. पण ते नक्की कोण, हे सांगेल असाही कुणी नाही. भटजी तर ते होतेच. गावातल्या वाडीवाल्यांकडची लग्नं, वास्तुशांती, श्राद्धं तेच करायचे. पण तीस वर्षं त्यांनी शाळेत गणितही शिकवलं. कुणाची पेटी बिघडली की ती यांच्या ओटीवर उघडी पडलेली. कुणाच्या आजोबांचे मोडीतले कागद निघाले की ते वाचायला यांच्याकडे. रायणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधावं तर शास्त्र्यांनीच. एकदा सहा महिने खपून त्यांनी भरतीच्या वेळांचं कोष्टक केलं आणि मुरबे गावच्या बंदरावर नेऊन दिलं. तिथल्या खलाशांनी ते आदराने घेतलं आणि त्यात सुकट बांधली. शाळेच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेलं सूर्याचं घड्याळ अजून आहे. कधी ते पंधरा मिनिटं पुढे असतं, कधी मागे. चूक घड्याळाची नसून सूर्याची आहे, असं शास्त्री समजावून सांगतात.

घरोघरची सरकारी माहिती लिहून घ्यायला येणाऱ्या बाईने ‘मालकांचा व्यवसाय?’ म्हणून विचारलं, तेव्हा पहिल्या खेपेला सुलूने ‘शिक्षक’ सांगितलं होतं आणि दुसऱ्या खेपेला ‘भिक्षुकी’. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “बाई, तुम्हीच विचारा त्यांना.” बाई तासभर ऐकत बसली, सरबत प्यायली आणि ‘इतर’ लिहून गेली.

या सगळ्यात तडीला गेलेलं एकच काम, असं सुलूला वाटायचं. चिमी.

देवू आणि पारू हे नवरा-बायको डोंगराकडच्या एका पाड्यावरचे. भातकापणी उरकली की देवू शास्त्र्यांच्या वाडीत आळी खणायला यायचा. पाच वर्षांची चिमी झाडाखाली बसलेली असायची. तिच्यामागे पत्र्याचा डबा पडला तरी तिची मान वळायची नाही. शास्त्र्यांनी हे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. रद्दीतून आणलेल्या एका फाटक्या पुस्तकात त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पाद्र्याची हकिकत वाचली होती. त्या पाद्र्याने म्हणे एका बहिऱ्या मुलाला बोलायला शिकवलं होतं.

“तो पाद्रीही माझ्यासारखाच,” ते तेव्हा सुलूला म्हणाले होते, “गाण्यातलं कळणारा, गणितातलं कळणारा. मग आपल्याला का नाही जमणार?”

दिवाळीनंतर देवू-पारू भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. तेवढे महिने चिमी शास्त्र्यांच्या घरी राहू लागली. निरांजन पेटवून ते तिच्या तोंडासमोर धरत आणि ‘प’ म्हणायला लावत. ज्योत हलली तर बरोबर. ‘म’ला तिचं बोट स्वतःच्या नाकावर, ‘ग’ला गळ्यावर. पखवाजाच्या तोंडावरची जुनी कातडी पुडी ताणून तिच्या तळव्यावर धरायची आणि वरून बोलायचं. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी चिमी चाळीस शब्द बोलत होती. पारूला तिने ‘आई’ म्हटलं, तेव्हा पारू अंगणात फतकल मारून बसली आणि उठेचना.

मग चौथ्या वर्षी देवू तिला भट्टीवर घेऊन गेला. पुढच्याही वर्षी नेली. परत आली ती मुकीच. त्यानंतर बोईसरच्या एका केंद्रात धर्मेश सरांनी तिला घेतलं, कानाला यंत्र बसवलं. आज ती बावीस वर्षांची आहे, एका कारखान्याच्या पॅकिंगमध्ये आहे, आणि रविवारी शंभर माणसांसमोर बोलणार आहे.

मंगळवारी ती स्वतःच पत्रिका द्यायला आली होती. सुलूने तिला पोहे दिले आणि समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, “चिमी, तुला बोलायला कुणी शिकवलं गं?”

“सरनी,” चिमी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “इथं दिवा व्हता. गरम. मी भ्यायची.”

“आणि शब्द? चाळीस शब्द?”

चिमी हसली आणि मान हलवली. “नाय आठवत.”

तेव्हापासून सुलूच्या डोक्यात नुसता गोंधळ. आठवत नाही म्हणजे शिकवलंच नाही का? पेरलं एकाने, करपलं, पुन्हा दुसऱ्याने पेरलं, तर पीक कुणाचं? का ते कानातल्या यंत्राचं? विचार करकरून डोकं दुखायला लागलं, की ती धर्मेशवर चिडायची. चिडलं की बरं वाटायचं.

“तुमच्या त्या पाद्र्याचं काय झालं होतं?” हेमांगीने शेंगांचं ताट बाजूला सारत विचारलं.

“हेच,” शास्त्री म्हणाले. “तो मुलगा शिकलेलं विसरला. मग दुसऱ्या विद्वानाने त्याला पुन्हा शिकवलं. आणि दोघं भांडले. छापून भांडले.”

“कोण जिंकलं?”

“माझ्या पुस्तकात पुढची पानं नव्हती.”

“बाबा, सही,” ललित म्हणाला.

शास्त्र्यांनी पत्र हातात घेतलं. ते सावकाश वाचत होते, पेपर तपासल्यासारखे, ओळीखाली बोट फिरवत. एका ठिकाणी बोट थांबलं.

“‘तिच्या पालकांनी तिला परस्पर नेल्यामुळे शिक्षणात खंड पडला.’ हे बरोबर लिहिलंस. पुढे लिही, त्यात देवूचं नाव घाल. मला विचारलंही नाही त्याने.”

सुलू कप उचलायला वाकली होती, ती तशीच राहिली.

“देवूकाका रविवारी असतीलच ना हॉलमध्ये?” हेमांगी सहज म्हणाली. “पेपरात छापून येण्याआधी त्यांनाच विचारू की, का नेलं म्हणून.”

“काही नको विचारायला,” सुलू म्हणाली.

“का? आई, तुम्हीच तर म्हणत होता, सगळं उजेडात येऊ दे.”

“म्हणत होते.” सुलूने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. कुठून सुरुवात करावी तिला समजेना. “देवूने नाही नेली. मी पाठवली.”

ती कप हातात घेऊनच झोपाळ्याच्या कडेला टेकली. “त्या वर्षी पारू तिचं गाठोडं घेऊन मागच्या दारी आली होती. मी म्हटलं, यंदा तुमच्याबरोबर न्या. ललितची बारावी आहे. दिवसभर प प प, म म म, डोकं उठायचं माझं. एकच वर्ष, असं म्हटलं होतं मी. पारू म्हणाली, ‘बरं बाय.’ एवढंच. तुम्ही डहाणूला लग्न लावायला गेला होता. आल्यावर विचारलंत, तर म्हटलं, देवू घेऊन गेला.”

“माझ्या बारावीसाठी?” ललित म्हणाला. “आई, मला एकसष्ट टक्के पडले होते.”

“मग मी काय करू?” सुलू ओरडली. “पुढच्या वर्षी येतील आपणहून, असं वाटलं. नाही आले. मी बोलावलं नाही. नंतर कसं सांगायचं? जितकं लांबत गेलं तितकं...”

“मी देवूला बोईसरच्या बाजारात गाठलं होतं,” शास्त्री म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, देवघरातलाही नव्हता. “भर रस्त्यात बोललो. म्हटलं, माझ्या तीन वर्षांचं पाणी केलंस. दोन विटांसाठी पोरीची जीभ घालवलीस. तो खाली मान घालून म्हणाला, ‘चुकलं शास्त्रीबाबा.’ का म्हणाला असं?”

“मला नाही माहीत.”

“पारूने त्याला सांगितलं असेलच ना?”

“असेल. मला खरंच नाही माहीत हो.”

“दोन वर्षांनी तो पोरीला घेऊन फाटकाशी आला. पुन्हा शिकवा म्हणाला. मी इथूनच हात हलवून परत पाठवला त्याला. त्यानंतर तो वाडीत कामाला कधी आला नाही.”

हे सुलूला माहीत नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. चिमी एकदा फाटकापर्यंत येऊन परत गेली होती, आणि इतकी वर्षं या माणसानेही ते पोटातच ठेवलं होतं. आपण जास्त चुकलो की हा, तिला कळेना. आणि धर्मेशवर आता कसं चिडायचं, तेही कळेना.

“मग पत्रात काय लिहायचं?” ललितने विचारलं.

शास्त्र्यांनी पत्राची घडी घालून ते त्याच्या हातात परत दिलं आणि ते उठले.

“पत्र जाणार नाही. त्या कार्यक्रमवाल्यांना फोन कर, मंत्रांना दुसरा भटजी बघा म्हणावं. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने मी देवूच्या पाड्यावर जातोय. रविवारी त्याने बसू दिलं तर त्याच्याशेजारी बसेन.” आत जाता जाता ते उंबऱ्याशी थांबले. “सुलू, तूही येतेस.”