सर्व्हरवरचा रुमाल

त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मिरजेच्या रुग्णालयातली शस्त्रक्रिया सांगलीच्या सभागृहात पडद्यावर थेट दाखवायची होती, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. का, तर संगणक माझ्या खोलीत होता! दोन्ही गावांत व्हिडिओचा एकेक सर्व्हर, मध्ये एकच लाइन. चाचणीत डॉक्टरांचा हात हवेतच थिजायचा. माझी झोप उडाली.

मग लाइन दुरुस्त करायला हे गृहस्थ आले. जतकडचे, सैन्याच्या संदेशवहन विभागातून निवृत्त झालेले, बोलता बोलता सारखी रुमालानं मान पुसणारे. म्हणाले, "आवं सायेब, तुमच्या आफिसच्या फायली बी ह्याच लायनीनं जात्यात. चित्राला बसायला जागाच न्हाई. यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकतो का न्हाई आपण? तसं करू."

संगणकावर काहीतरी टाइप करून त्यांनी निम्मी लाइन चित्रासाठी राखून ठेवली. उरलेल्यात बाकीच्यांनी दाटीवाटीनं जायचं. मग हसत आपला चौकड्याचा रुमाल खरोखरच सर्व्हरवर टाकला.

त्या दिवशी टाके घालणारी सुई पडद्यावर एकदाही अडली नाही. टाळ्या पडल्या. कितीतरी दिवसांनी मी छाती भरून श्वास घेतला आणि आभार मानायला वळलो, तर हे पुन्हा संगणकावर वाकलेले.

"थांबा वाईच," ते मान वर न करता म्हणाले, "आदी रुमाल उचलतो. आपलं गाव आलं, पर मागं माणसं उभी हायती."