अमेरिकेच्या भिंतीला पाणी

आमच्या शहराचं डाउनटाउन संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. दुकानं बंद व्हायची असं नव्हे, आख्खं डाउनटाउन. ऑफिसं सुटली की शेवटचा माणूस जाताना जणू मेन स्विच दाबून जायचा. कबुतरंसुद्धा सबर्बमध्ये राहायला गेली होती. मी शेजारच्या कॅरी ह्या उपनगरात येऊन राहिलो त्या वर्षी एका शनिवारी बायकोला मोठ्या कौतुकानं डाउनटाउन दाखवायला नेलं, तर मुख्य रस्त्याच्या मधोमध एक खार बसून दाणे खात होती. तिनं आमच्याकडे असं काही पाहिलं की मी गाडीची काच खाली करून तिची माफी मागितली.

आणि मग क्रेन आली. पिवळीधमक, आणि उंच तर इतकी की वरच्या ड्रायव्हरला म्हणे अटलांटिक दिसायचा. ही बातमी मीच पसरवली होती. पण पुढे दोघांनी ती मलाच येऊन सांगितली, म्हणजे खरी असणार. तंबाखूच्या जुन्या गोदामांत लोक राहायला येणार होते, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या जागी हॉटेल होणार होतं, आणि बस स्टेशनामागच्या पार्किंगच्या मैदानात शहरातला सगळ्यात उंच टॉवर उभा राहणार होता.

मी त्या बांधकामांच्या नादी लागलो. नादी म्हणजे कसा? ऑफिसातले लोक सोमवारी फुटबॉलवर बोलायचे, मी फाउंडेशनवर बोलायचो. शहरातल्या बांधकामांना वाहिलेला एक ऑनलाइन फोरम होता. त्यावर खोट्या नावांनी दाताचे डॉक्टर, बसचालक आणि एक धर्मगुरू रात्रंदिवस भांडायचे, नऊ मजल्यांना टॉवर म्हणावं की नाही ह्यावरून. दर शनिवारी तिथे फोटो टाकण्याचं काम माझं. माझ्या संमतीशिवाय त्या शहरात वीट हलत नव्हती, असं म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल.

"लोकांचे नवरे बारमध्ये सापडतात," बायको मैत्रिणींना सांगायची, "माझा खड्ड्याच्या काठावर."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात माझे सासरे नाशिकहून आले. बायकोला दिवस गेले होते, सप्टेंबरची तारीख होती. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. बाळंतपणाला आई नाही, निदान बाबा तरी घरात असावेत, एवढंच तिचं मागणं होतं. बाबा आले, चार दिवस राहिले आणि पाचव्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, "जावईबापू, देश छान आहे. फक्त माणसं आणायची राहिली आहेत."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे मी सकाळपासून खिडकीत बसलोय आणि एक पोस्टमन दिसला. तोही गाडीतून उतरला नाही. मी नाशिकच्या एजंटला फोन केलाय. जुलैअखेरचं तिकीट करून देतो म्हणाला."

बायको रडली नाही. ती भांडी घासायला लागली. घरात डिशवॉशर असताना ती हातानं भांडी घासायला लागली की काय समजायचं ते मी समजतो.

"त्यांना रमव," ती नळाच्या आवाजात म्हणाली. "कसंही कर, पण रमव. मला सप्टेंबरात ते इथे हवेत."

मी कामाला लागलो. मॉल दाखवला, देऊळ दाखवलं, धबधबा दाखवला. धबधब्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "पाणी आहे." मॉलमध्ये सकाळी चालणाऱ्या आपल्या काकालोकांच्या गटात नेऊन सोडलं, तर घरी येऊन म्हणाले, "सगळे एकमेकांना विचारतात, तुमचा मुलगा कुठल्या कंपनीत. हे मला नाशिकमध्येही ऐकायला मिळतं, आणि तिथे चहा बरा असतो."

मग आला शनिवार. मला फोटो काढायचे होते आणि बायको झोपली होती, म्हणून मी बाबांनाही गाडीत घातलं. टॉवरचा सांगाडा तोवर बराच वर आला होता. "दोन मिनिटं इथेच थांबा हं," म्हणून मी समोरच्या पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. परत येऊन पाहतो तर बाबा कुंपणाच्या जाळीला चिकटलेले. दहाही बोटं जाळीत. आत एक लोखंडी बीम दोरावर लटकत वर चालला होता आणि त्याच्याबरोबर बाबांची हनुवटीही.

"हळू, हळू, हळू... आता डावीकडे घे रे बाबा," ते पुटपुटत होते. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण क्रेनवाल्यानं बीम डावीकडे घेतला.

इथे थोडं सांगायला हवं. सासरे बँकेत होते. आयुष्यात त्यांनी बंगला एकच बांधला, पण सांगताना धरण बांधल्यासारखा सांगतात. सकाळी बँकेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर स्वतः पाइप धरून त्यांनी त्या भिंतींना पाणी मारलं. इतकं मारलं की गोदावरीची पातळी खाली गेली, असं त्यांचं म्हणणं. सासऱ्यांचं बोलणं मी वाढवून सांगत नाही. तिथे वाढवायला जागाच नसते.

सोमवारपासून मी ऑफिसला जाताना त्यांना टॉवरपाशी सोडायला लागलो. माझं ऑफिस अगदी उलट्या दिशेला, पण उलट्या दिशेनं गेल्याशिवाय मोठी कामं होत नाहीत. बरोबर डबा, पाण्याची बाटली, घडीची खुर्ची. तिथे आधीच एक अमेरिकन आजोबा खुर्ची टाकून बसलेले असायचे, मासे पकडायला जाताना घालतात तसली टोपी घालून. दोघांची गट्टी जमली. बाबा मराठीत बोलायचे, ते त्यांच्या दक्षिणी, लांबवलेल्या इंग्रजीत. दोघांचं कधीही भांडण झालं नाही.

रात्री जेवताना बाबांचा अहवाल. "आज वेल्डर नवा होता. हात बरा आहे." "कोपऱ्यातला खांब मला आवडला नव्हता, पण आज बसला नीट." पोळ्या दोनाच्या चार झाल्या. बायकोनं एकदा हळूच विचारलं, "मग बाबा, तिकीट?"

"तिकीट आहे तिथेच आहे," ते म्हणाले. "बघायला मजा येते गं. पण शेवटी लोकांचं बांधकाम. आपण बाहेरचे."

बायको उठली आणि पुन्हा नळ सोडला.

जुलै तापला. टॉवरच्या रस्त्याकडच्या बाजूला काँक्रीटची एक बुटकी भिंत ओतली होती, लोकांना बसायला कट्ट्यासारखी. फळ्या काढल्या, कुंपण मागे सरकवलं, आणि भिंत फुटपाथवर उघडी पडली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

"पाणी मारत नाहीयेत हो," ते म्हणाले. "कोणी पाइपसुद्धा आणला नाही. एवढं ऊन! तडकणार ती भिंत. उद्या त्यावर पोरंबाळं बसायची."

"त्यांची काहीतरी पद्धत असेल, बाबा."

"काँक्रीटला पद्धत एकच. पाणी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीकडून दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन मागून घेतले. ते नळाखाली भरून माझ्या डिकीत ठेवले. मला वाटलं, एवढ्या उन्हात प्यायला असतील. दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. टॉवरचा सिक्युरिटी गार्ड होता.

"सर, इथे एक ज्येष्ठ गृहस्थ आमच्या बिल्डिंगला अंघोळ घालताहेत. त्यांच्या खिशात तुमचं कार्ड सापडलं."

मी मीटिंग तशीच टाकून निघालो. गाडी अशी हाणली की मागच्या चाकांना पुढची दिसली नसतील. पोचतो तर फुटपाथवर तळं झालेलं. बाबांच्या हातात एक कॅन, टोपीवाल्या आजोबांच्या हातात दुसरा. तेही कामाला लागलेले! समोर गार्ड, कमरेवर हात.

"ह्याला सांगा, मी चोर नाही," बाबा मला म्हणाले. कान लाल झाले होते. "आणि सांगा, अर्धी भिंत राहिलीय." मग आवाज उतरला. "नाहीतर राहू दे. चला घरी. ह्यांची भिंत, ह्यांचं नशीब. एजंटला म्हणतो, उद्याची फ्लाइट असली तरी चालेल."

माझ्या डोळ्यांसमोर नळ वाहायला लागला.

तेवढ्यात साइटची मुख्य बाई आली. अशी उंच की तिच्या हेल्मेटच्या टोकाला ढग घासत असावेत. तिनं तळं पाहिलं, भिंत पाहिली, दोन म्हातारे पाहिले, आणि मला विचारलं, "हे काय आहे?"

आता ही वेळ नुसतं भाषांतर करायची नव्हती. मी छाती पुढे काढली. "मॅडम, हे भारतातले क्युरिंगचे निवृत्त तज्ज्ञ. ह्यांनी स्वतः पाणी मारलेल्या एकाही भिंतीला आजवर तडा गेलेला नाही."

बंगला एक असला म्हणून काय झालं? विधान शंभर टक्के खरं होतं.

बाई हसली नाही. भिंतीजवळ उकिडवी बसली, बाबांनाही बसायला खुणावलं, आणि भिंतीवरचा पांढुरका थर बोटानं दाखवला. हा थर फवारला की काँक्रीटमधलं पाणी आतच कोंडून राहतं, उडून जात नाही, म्हणून वरून मारायची गरज पडत नाही, असं तिनं सांगितलं.

"बाबा, ह्यांनी भिंतीला आतूनच पाणी पाजून वर झाकण लावलंय," मी म्हणालो.

बाबांनी थरावर अंगठा फिरवला. वास घेतला. मग म्हणाले, "मान्य. युक्ती चांगली आहे. पण झाकण जागेवर आहे का, हे रोज येऊन बघतं कोण?"

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. बाई उभी राहिली. "माझ्याकडे लोक आवाजाची तक्रार घेऊन येतात, धुळीची घेऊन येतात, पार्किंग गेलं म्हणून येतात," ती म्हणाली. "माझ्या भिंतीसाठी घरून पाणी घेऊन आजवर कोणी आलेलं नाही. ह्यांना विचार, रोज बघायला हे मोकळे आहेत का?"

ती केबिनमध्ये गेली आणि दोन हेल्मेटं, दोन नारिंगी जाकिटं घेऊन आली. गेटच्या आत, केबिनच्या सावलीत, आखलेल्या रेषेच्या अलीकडे दोघांनी बसायचं, भिंतीवर लक्ष ठेवायचं. आणि ऑगस्टअखेर शेवटचा बीम चढेल तेव्हा हजर राहायचं, कारण त्यावर साइटवरचा प्रत्येक जण सही करतो.

मी भाषांतर केलं. "बाबा, बाई म्हणतात, तुम्ही नसाल तर शेवटचा बीम चढवणार नाहीत."

बाबांनी हेल्मेट डोक्यावर ठेवलं. ते मोठं झालं, पण त्यांनी मान अशी ताठ केली की हेल्मेटच बिचारं जमवून घेतं झालं. घरी येईपर्यंत गाडीतही त्यांनी हेल्मेट काढलं नाही. घरात शिरले, कॉलिंग कार्ड मागितलं, लांबलचक आकडे दाबले आणि नाशिकच्या एजंटला अशा आवाजात गाठलं की फोनची गरज नव्हती.

"ते जुलैचं कॅन्सल करा! नाही, तब्येत ठणठणीत आहे! मला येता येणार नाही, इथे माझं बांधकाम चालू आहे!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच एकट्यानं टॉवर उभा करून आल्यासारखा दाराला टेकलो.

शेवटच्या बीमच्या दिवसासाठी तिनं आदल्या रात्रीपासून रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आटवून परातभर पेढे केले. स्लॅब पडला की पेढे वाटायचे, त्याशिवाय इमारत उभी राहत नाही, असा बाबांचा हुकूम. पांढरा रंगवलेला बीम जमिनीवर ठेवला होता, टोकाला एक छोटं हिरवं झाड बांधलेलं. ते पाहून बाबा खूश झाले. "म्हणजे ह्यांच्यातही काहीतरी बांधतात!" वेल्डर, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले, सगळे पेढ्यावर पेढा खात होते आणि आपलं नाव, खाली आपलं काम लिहीत होते. टोपीवाल्या आजोबांनी सही केली. बाबांनी मार्कर घेतला आणि मराठीत ठसठशीत नाव लिहिलं. खाली काम: पाणी मारणे.

मग त्यांनी मार्कर लेकीच्या हातात दिला. तिला वाकता येईना, तर त्या उंच बाईनं तिला एका हातानं धरलं, आणि तिनं आपलं नाव लिहून शेजारी, अजून न आलेल्यासाठी, बोटभर जागा कोरी सोडली.

बीम उचलला. डोलत, झाडासकट, वर, आणखी वर. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी ट्रकचा भोंगा वाजवला, आणि मी शपथेवर सांगतो, पाचला बंद होणाऱ्या त्या शहरात खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर डोकावली. त्या संध्याकाळी फोरमवर माझ्या फोटोखाली नऊ मजल्यांचं भांडण कायमचं मिटलं. निदान शनिवारपर्यंत.

"बाबा, झालं ना आता? जरा बसा," बायको म्हणाली.

"बसतो कसला," बाबा वर बघत म्हणाले. "सांगाडा नुसता उभा राहिलाय. काचा बसायच्यात, दारं लागायचीत, तुझं व्हायचंय. एवढं सगळं अर्धवट टाकून मी कुठे जाऊ?"