‘आउटरेज’ कुठल्या रकान्यात?

“मावशी, फक्त ग्राफ जरा प्रेझेंटेबल करून दे. कलर्स वगैरे. बाकी सगळं रेडी आहे.”

रियाने लॅपटॉप माझ्या डेस्कवर ठेवला आणि समोर खुर्ची असून उभीच राहिली. मी इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात डेटा कन्सल्टंट आहे. म्हणजे पीएचडीची मुलं आकडे घेऊन येतात आणि त्यांतून काय निघतं, काय निघत नाही, ते मी सांगते. त्यातलं दुसरं ऐकायला कोणालाच आवडत नाही. रिया जर्सी सिटीत वाढलेली, आईवडील पुण्याचे. ऑफिसात मी सगळ्यांची माधवी, तिची एकटीची मावशी.

तिचा विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन. तिथे कितीतरी बायकांचे खून झाले आणि खुनी सापडलेच नाहीत. त्याच काळात बेकारांचे मोर्चे, दंगली, आयरिश बंडखोरांनी केलेले डायनामाइटचे स्फोट. रियाचं म्हणणं असं, की शहर पेटलं की पोलीस बंदोबस्तावर जातात आणि गल्लीतल्या गरीब बाईच्या खुनाचा तपास बोंबलतो. मला हे अगदी मनापासून पटलं होतं. आपल्याकडे मंत्री आले की चौकी कशी ओस पडते, ते मी नागपूरला पाहिलेलं आहे.

ग्राफमध्ये दोन रेषा होत्या. तांबडी न सुटलेल्या खुनांच्या बातम्यांची, निळी राजकीय अशांततेच्या बातम्यांची. एक चढली की दुसरी चढायची, एक उतरली की दुसरीही. याला आमच्या धंद्यात कोरिलेशन म्हणतात. हे कोरिलेशन इतकं सुरेख होतं की मला संशय आला. खऱ्या जगातल्या दोन गोष्टी इतक्या हातात हात घालून चालत नाहीत.

“रिया, अशांतता मोजलीस कशी?”

“कीवर्ड्स. ओल्ड न्यूजपेपर्स स्कॅन केलेले आहेत, सॉफ्टवेअर त्यातले वर्ड्स सर्च करतं. रायट, डायनामाइट, मॉब, आउटरेज, असे. ती लिस्ट आपल्या डिपार्टमेंटच्या प्रोटेस्ट प्रोजेक्टची आहे. टेस्टेड आहे, मावशी.”

तो प्रोजेक्ट आजच्या आंदोलनांवरचा होता. मी म्हटलं, आधी निळ्या रेषेतल्या काही बातम्या डोळ्यांनी वाचू. तिने घड्याळाकडे पाहिलं. तिचा डिफेन्स जवळ आला होता. डिफेन्स म्हणजे प्राध्यापकांच्या कमिटीपुढे आपला प्रबंध लढवायचा. शिवाय याच ग्राफच्या जोरावर एका कॉलेजने तिला नोकरीच्या इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. तरी बिचारी बसली.

पहिली बातमी डायनामाइटची निघाली. दुसरी मोर्चाची. तिसरीचा मथळा होता ‘शॉकिंग आउटरेज’. कालव्याकाठी एका बाईचं प्रेत सापडलं, नाव कळलं नाही, अंगावर निळी शाल. खाली मोर्चा नाही, दंगल नाही, काही नाही. पुढची बातमी तशीच. त्याच्या पुढचीही.

“पण आउटरेज म्हणजे पीपल आर अँग्री ना?” रिया म्हणाली.

आज तसंच. आणि मला एकदम माझे बाबा आठवले. ते शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या जुन्या पुस्तकात ‘अनत्याचारी असहकार’ असा शब्द वाचून मी हसले होते. आम्ही अत्याचार हा शब्द पेपरात वाचायचो तो एकाच अर्थाने, आणि तो घरात मोठ्याने उच्चारायचा नाही. बाबा म्हणाले होते, तेव्हा अत्याचार म्हणजे हिंसा. बाँब टाकला तरी अत्याचार, बाईवर हात टाकला तरी अत्याचार.

हे मी रियाला सांगितलं. “त्या लोकांचं आउटरेज आपल्या अत्याचारासारखं असणार. राग नव्हे, कृत्य. स्फोटही आउटरेज आणि खूनही.”

तिला कळायला एक क्षण लागला. मग चेहरा उतरला.

“म्हणजे प्रत्येक मर्डर मी दोनदा काउंट केला. रेडमध्ये पण आणि ब्लूमध्ये पण. माझं पोलिटिकल अनरेस्ट म्हणजे... दीज विमेन?”

मी मान डोलावली. आम्ही तो एक शब्द काढून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. निळी रेषा पार ढेपाळली. तांबडीशी तिचा काही मेळ राहिला नाही. रिया रडली नाही, नुसती बाहीचं बटण फिरवत बसली. मला मात्र भरून आलं. लेकीसारखी पोर, आणि तिचं घर मीच मोडलं होतं.

तिचे गाइड, प्रोफेसर वॉल्श, माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “थिअरी तर चुकीची ठरली नाही ना?” ते म्हणाले. “फूटनोट टाकू. कमिटीतलं कोणी एवढं खोलात जाणार नाही.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रियाच म्हणाली, “त्या निळ्या शालवाल्या बाईचं नावसुद्धा कोणी लिहिलं नाही. आता मी तिला रायट म्हणून काउंट करू? सॉरी, नाही जमणार.”

इंटरव्ह्यू तिने स्वतः फोन करून कॅन्सल केला. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. डिफेन्स एक सेमिस्टर पुढे गेला. बंदोबस्तामुळे तपास खरोखर रखडल्याच्या मोजक्या बातम्या तिने एकेक वाचून शोधल्या. त्यांची रेषा होत नाही, म्हणून त्या गोष्टींसारख्या लिहिल्या. डिफेन्सला मी मागच्या रांगेत बसले होते. कमिटीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, “मग खून आणि अशांतता यांचा संबंध आहे की नाही?”

“कधी कधी असावा,” रिया म्हणाली. “पण तो मला सिद्ध करता आला नाही.”

पास झाली. बाहेर आल्यावर तिच्या बाबांचा फोन. स्पीकरवर विचारत होते, “काय प्रूव्ह केलंस गं शेवटी?”

“काही नाही, बाबा,” ती हसत म्हणाली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

हल्ली कोणी तयार कीवर्ड लिस्ट घेऊन आलं की मी आधी विचारते, हा शब्द तेव्हा कोण कशाला वापरत होतं? मुलं वैतागतात. वैतागू देत. रियाचा तो पहिला ग्राफ मी डेस्कसमोर लावून ठेवला आहे. त्यातली निळी रेषा खोटी निघाली. तांबडी खरीच होती.